पट्टी वाचणाऱ्याच्या शेजारी बसून

लातूरच्या छपाईधंद्यात डिझाइन पास कोण करतं? ज्याच्या खिशातून पैसे जाणार तो. लग्नपत्रिका मुलीचे वडील नाहीतर मामा पास करतात, क्लासचा फ्लेक्स सर पास करतात, आडतीची हिशोबपट्टी मुनीमजी पास करतात. पत्रिका हातात घेऊन मंगल कार्यालय शोधणारा पाहुणा किंवा पट्टीवरच्या आकड्यावर बोट ठेवून वाचणारा शेतकरी, यांनाही प्रूफ दाखवावं असं कुणाच्या मनात येत नाही. मीही वीसेक वर्षं याच पद्धतीनं काम केलं आणि मन लावून केलं. चाळिशी ओलांडल्यावर यूएक्स, म्हणजे ॲप आणि स्क्रीन वापरणाऱ्याच्या सोयीनं घडवण्याचं काम, शिकायला बसले, तेव्हा सगळ्यात खोलवर बदलली ती हीच गोष्ट. मराठवाड्यातल्या डीटीपी करणाऱ्या मुलामुलींचे मला फोन येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, ‘ताई, सॉफ्टवेअर कोणतं शिकू?’ त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते आहे.

सॉफ्टवेअर हा यातला सगळ्यात सोपा भाग. ज्याचा हात कोरलड्रॉवर बसला आहे त्याला फिग्मा, म्हणजे स्क्रीनचं डिझाइन करायचं सॉफ्टवेअर, अंगवळणी पडायला फार वेळ लागत नाही. ते ब्राउझरमध्येच चालतं, शिकण्यापुरतं फुकटही आहे. अवघड आहे ते वेगळंच.

आमच्या प्रेसचं वर्ष ठरलेलं असायचं. उन्हाळ्यात लग्नसराई, निकाल लागले की क्लासवाल्यांची धांदल, गुणवंतांच्या फोटोंचे फ्लेक्स, माहितीपत्रकं, टेस्ट सिरीजच्या पुस्तिका. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन मोंढ्यात यायला लागलं की आडत दुकानांची स्टेशनरी: बिलबुकं, पावतीपुस्तकं, हिशोबपट्ट्या. मग २०२० आलं. लग्नं थांबली, क्लास बंद झाले, सीझन सगळा कोरडा गेला. नंतर कामं परत आली, पण पूर्वीसारखी नाही. पत्रिका व्हॉट्सॲपवर फिरू लागली, छापील प्रती देवापुढे ठेवण्यापुरत्या आणि जवळच्या पाहुण्यांपुरत्या उरल्या. क्लासवाले म्हणायला लागले, ‘ताई, आता ॲपसाठी काहीतरी करून द्या.’ ते ‘काहीतरी’ म्हणजे नेमकं काय, हे शिकायचं मी ठरवलं.

पुण्यातल्या एका संस्थेचा ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला, संध्याकाळचा. शिवाय एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट बघता येतात, ती रात्री जेवणं उरकल्यावर बघायचे. वर्गात बहुतेक विशी-पंचविशीतले इंजिनिअर. सगळे एकमेकांना नावानं हाक मारायचे, मेंटॉरलाही. मला ते जमलं नाही. मेंटॉर माझ्यापेक्षा बरीच लहान, तरी मी तिला मॅडमच म्हणत राहिले आणि ती मला ताई म्हणायला लागली. शिकवणं इंग्रजीत असलं तरी त्याची फारशी अडचण आली नाही. शब्द नवे होते, पण त्यातल्या निम्म्या गोष्टी हाताला आधीपासून माहीत होत्या. आधी कुठं नजर गेली पाहिजे, कोणता मजकूर एकत्र राहिला पाहिजे, कुठं जागा मोकळी सोडली की बाकीचं वाचलं जातं, हे प्रेसमध्ये रोजचंच. वर्गातली मुलं बारा प्रकारचे टाइप एका स्क्रीनवर घालायची, तेव्हा ते कुठं खटकतं हे मला चटकन सांगता यायचं. प्रिंटमधून येणाऱ्यांनी ही शिदोरी कमी समजू नये.

यूएक्स म्हणजे वापरणाऱ्याला एखादी गोष्ट वापरताना काय करावं लागतं, काय कळतं, कुठं अडतं, याचा विचार करून ती घडवणं. डॉन नॉर्मन १९९३मध्ये ॲपलमध्ये गेले तेव्हा त्यांनी आपल्या हुद्द्यातच ‘युजर एक्सपिरियन्स’ घातलं आणि पुढे ते नाव रूढ झालं. स्क्रीन वापरायला सोपा कसा करावा याबद्दलची जेकब नील्सन यांची १९९४ची दहा तत्त्वंही कोणत्याही अभ्यासक्रमात पहिल्या काही आठवड्यांतच येतात. त्यातलं पहिलं, सिस्टिमची स्थिती वापरणाऱ्याला सतत दिसत राहिली पाहिजे, हे प्रिंटवाल्याला सगळ्यात नवं. कागदाला स्थिती नसते. छापून झालं की तो तसाच राहतो. स्क्रीन मात्र माहिती येण्याआधी रिकामा असतो, येताना अर्धवट असतो, नेट गेलं की वेगळा, काही चुकलं की आणखी वेगळा. एका पानाचं डिझाइन म्हणजे प्रत्यक्षात पाच-सहा पानांचं. औसा, निलंग्याकडच्या एखाद्या गावात रेंज मधेच जाते, तेव्हा त्या माणसाला दिसणारं पान कोणतं, हा प्रश्न मला आधी कुणी विचारलाच नव्हता.

दुसरी गोष्ट आकाराची. प्रेसमध्ये काम आलं की पहिला प्रश्न ‘साइज काय?’ वन-एट डेमी की ए-फोर, चारी बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड, तीनशे डीपीआय, चार रंग, आणि मग बाकीचं. फोनवर साइज असा नसतोच. प्रत्येकाच्या हातात वेगळ्या रुंदीचा फोन, आणि डोळ्यांना त्रास असलेला माणूस सेटिंगमध्ये जाऊन अक्षर मोठं करून ठेवतो. माझ्या वडिलांच्या फोनवर ते सगळ्यात मोठं आहे. त्यांच्या फोनवर मी माझा पहिला नमुना उघडला, तेव्हा ‘नोंदींवर’ या शब्दाच्या डोक्यावरचं सगळं, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, चौकटीच्या कडेला कापलं गेलं होतं आणि ‘पुढे’ या बटणातला उकार खालच्या रेषेत बुडाला होता. बटणाची उंची रोमन अक्षरांच्या हिशोबानं बेतलेली असते. देवनागरीला वर मजला लागतो, खालीही लागतो. ओळींमधलं अंतर वाढवलं, चौकटीला ठरावीक उंची देण्याऐवजी मजकुराप्रमाणे वाढू दिली, तेव्हा ते नीट बसलं. इंग्रजी नमुन्यावर मराठी मजकूर नुसता चिकटवून चालत नाही. मराठी मजकूर धरूनच सुरुवात करावी लागते, आणि ही गोष्ट आपण मराठीवाल्यांनी नाही लावून धरली तर दुसरं कोण धरणार?

फॉन्टचा भाग तर मुळापासून शिकावा लागला. श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधली माझी वर्षानुवर्षांची मजकुराची फाइल फिग्मात पेस्ट केली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसायचा. कारण त्या जुन्या पद्धतीत संगणकाच्या लेखी तिथं मराठी अक्षर नव्हतंच. रोमन अक्षराच्या जागेवर मराठी आकार बसवलेला होता. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१पासून, अगदी पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण प्रेसमध्ये शोभेच्या फॉन्टची हौस आणि जुन्या फाइलींचा ढीग यांमुळे आपण तिकडे वळायला फार उशीर केला. छापताना फरकही पडत नव्हता, कागदावर आकार बरोबर उमटला की झालं. स्क्रीनवर मात्र आकाराच्या मागे खरं अक्षर असावं लागतं. तरच ते शोधता येतं, कॉपी करता येतं आणि दृष्टिहीन माणसाचा फोन ते वाचून दाखवतो. अभ्यासक्रमात मी पहिल्यांदा टॉकबॅक, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणारी फोनमधली सोय, चालू करून डोळे मिटून माझंच पान ऐकलं, तेव्हा मी एवढी वर्षं अक्षराचा फक्त चेहरा बघत आले होते हे कळलं. मंगल हा विंडोजसोबत आलेला देवनागरी फॉन्ट प्रा. र. कृ. जोशी यांनी केला. ते आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, १९६९मध्ये सुरू झालेल्या त्या डिझाइन केंद्रात शिकवायचे. आपल्या अक्षरावर एवढं काम करून ठेवलेली माणसं आहेत आणि आता ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ किंवा गूगलचा ‘नोटो’ हा फॉन्ट कुणालाही फुकट घेता येतो. तेव्हा ‘मराठीत चांगले फॉन्ट नाहीत’ ही सबब मला आता ऐकवत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते.

अभ्यासक्रमात एक मोठा प्रकल्प करावा लागतो. बहुतेकांनी जेवण मागवायचं ॲप, फिटनेसचं ॲप, असं घेतलं. मी हिशोबपट्टी घेतली. शेतकऱ्यानं माल आणला, सौदा झाला, वजन झालं, की आडत दुकानातून त्याला जो कागद मिळतो ती ही पट्टी. नाव, गाव, माल, कट्टे, वजन, भाव, एकूण रक्कम. त्याखाली वजावट: हमाली, तोलाई, मोटारभाडं, आधी घेतलेली उचल. सगळ्यात तळाला हातात पडणारी रक्कम. असल्या पट्ट्या मी किती छापून दिल्या असतील याचा हिशोब नाही. सत्तर जीएसएमचा कागद, नंबरिंग, परफोरेशन, सगळं मला तोंडपाठ. पण ती वाचताना शेतकरी काय करतो हे मी कधीच बघितलं नव्हतं.

एका ओळखीच्या मुनीमजींनी परवानगी दिली आणि मी मोंढ्यात त्यांच्या दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसायला लागले. सौदे उरकले की दुपारी पट्ट्या हातात पडायला सुरुवात होते. नुसतं बघायचं, विचारायचं नंतर. लगेच एक गोष्ट दिसली. पट्टी हातात आल्यावर नजर वरून खाली जात नाही. आधी अंगठा सरळ तळाला जातो, हातात पडणाऱ्या रकमेवर. मग नजर वर चढते, वजनाकडे. मग भाव. आणि मग पुन्हा खाली, वजावटीतल्या एकेका ओळीवर, ओठ हलवत. आम्ही छापताना दुकानाचं नाव मोठ्या ठळक अक्षरात घ्यायचो, वर गणपती, बाजूला मोबाइल नंबर. तिथं कुणाचीच नजर थांबत नव्हती. आपण कोणत्या दुकानात बसलोय हे त्याला माहीतच असतं.

मग कोणते मजकूर कशासोबत असावेत हे ठरवायला कार्ड सॉर्टिंग केलं. ज्या गोष्टी मांडायच्या त्या एकेका कार्डावर लिहायच्या आणि समोरच्याला म्हणायचं, लावा तुमच्या मनानं गटवार. प्रेसमध्ये आर्ट कार्डाचे कटपीस भरपूर, कटरवर एका मापाची कार्डं करून घेतली. लातूरच्या गंजगोलाई बाजारात येणारा माणूस सोनं कुठल्या रस्त्याला, चपला कुठल्या रस्त्याला हे न विचारता जातो, कारण धंदे तसे वाटले गेले आहेत. माहितीचंही तसंच वाटप हवं असतं, आणि ते वाटप वापरणाऱ्याच्या डोक्यात आधीच असतं. मुनीमजींनी उचल आणि मोटारभाडं एका गटात टाकलं, दोन्ही वजाच करायचं म्हणून. शेतकऱ्यांनी उचल बाजूला काढली. एक अण्णा म्हणाले, ‘हमाली गेली ती गेली. उचल माझीच हाय, मीच घेतलेली. ती येगळी दिसाय पाहिजे.’ पैसे दोन्हीकडे कमीच होतात, पण एक खर्च आणि एक फेड. हिशोबाच्या दृष्टीनं दोन्ही वजावट, माणसाच्या दृष्टीनं दोन वेगळ्या गोष्टी. इतकी वर्षं पट्टीवर त्या एका रकान्यात छापल्या जात होत्या.

स्क्रीनचा पहिला नमुना कागदावरच केला, फोनच्या मापाच्या चिठ्ठ्यांवर. याला पेपर प्रोटोटाइप म्हणतात. प्रिंटमधून आलेल्यांनी यात मागं राहायचं काही कारण नाही. अंगठ्यानं दाबायच्या जागेला अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात अठ्ठेचाळीस डीपी सांगितलेत, म्हणजे साधारण नऊ मिलिमीटर. मिलिमीटर म्हटलं की मला लगेच कळतं. फूटपट्टीनं मोजून बटणं काढली. हातात पडणारी रक्कम सगळ्यात वर, मोठी. खाली वजन आणि भाव. वजावटीची फक्त बेरीज दाखवली आणि तपशील एका बाणाखाली मिटवून ठेवला, दाबला की उघडणारा. मेंटॉर मॅडमना आवडलं, वर्गालाही आवडलं. स्वच्छ दिसत होतं.

मोंढ्यात ते चाललं नाही. बाण कुणी दाबला नाही. एका तात्यांनी वजावटीच्या बेरजेवर बोट ठेवून विचारलं, ‘ह्याच्यात काय काय हाय? हे झाकून कशाला ठिवलंय?’ त्यांच्या शेजारच्यानंही मान हलवली. झाकलेली गोष्ट म्हणजे लपवलेली गोष्ट, हा पैशाच्या कागदाचा साधा नियम. स्क्रीन मोकळा दिसावा म्हणून तपशील मिटवणं हे मासिकाच्या ॲपला शोभेल, हिशोबाला नाही. पुढच्या नमुन्यात सगळ्या ओळी उघड्या ठेवल्या, उचल वेगळ्या पट्ट्यात, आणि तळाला पुन्हा तीच हातात पडणारी रक्कम, म्हणजे वरच्याशी ताडून बघता यावी. वर्गात एकानं विचारलं, तोच आकडा दोनदा कशासाठी? कारण तो माणूस बेरीज करत खाली येतो आणि तिथं त्याला उत्तर जुळलेलं बघायचं असतं. हे मला कोणत्याही पुस्तकानं सांगितलं नसतं.

चाचणी घेण्याची रीत मात्र अंगाला यायला वेळ लागला. समोरच्याला काम द्यायचं आणि गप्प बसायचं, मदत करायची नाही, असा नियम. वडीलधारा माणूस फोन हातात धरून अडलाय, घाम पुसतोय आणि आपण ‘तात्या, इथं दाबा’ म्हणायचं नाही, हे आपल्याकडच्या रीतीच्या पार उलट. शिवाय बोलत बोलत विचार करा म्हटलं तर आपली माणसं परक्यासमोर तसं बोलत नाहीत. ती विचारतात, ‘बरोबर हाय का ताई?’ त्यांना ती परीक्षा वाटते. मी आधीच सांगायला लागले, ‘तुमची परीक्षा नाही, या कागदाची परीक्षा आहे, अडलं तर कागद नापास.’ थोडं सैल झालं. तरी ‘कसं वाटलं?’ विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘चांगलं केलंय की.’ पाहुण्याच्या हातचा चहा वाईट आहे असं कोण म्हणेल? म्हणून मत विचारायचं सोडलं आणि काम द्यायला लागले. ‘हमालीचे किती कापले ते सांगा.’ ‘मागच्या खेपेचा भाव किती होता?’ उत्तर किती वेळात आणि कुठं शोधून आलं, तेवढं लिहायचं.

सगळ्यात जास्त कळलं ते दोघं एकत्र बसले तेव्हा. आमच्याकडे फोन एकटा माणूस वापरत नाही. बाप धरतो, पोरगा दाबतो, शेजारचा वाकून बघतो. नियमाप्रमाणे एकेकाला वेगळं बसवायचं होतं, पण एकदा दोघं भाऊ हटलेच नाहीत आणि आपापसात वाद घालत त्यांनी सगळी पट्टी वाचली. ‘आरं तो भाव न्हाई, ते वजन हाय.’ ‘मग क्विंटल का नाही लिव्हलं?’ जे एकट्यानं कधी बोलून दाखवलं नसतं ते सगळं आपोआप बाहेर आलं. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, याला को-डिस्कव्हरी म्हणतात, मान्य पद्धत आहे. पाच माणसांसोबत चाचणी घेतली तरी बहुतेक मोठ्या अडचणी दिसतात, असं नील्सन यांनी २०००मध्ये मांडलं. माझा अनुभव तेच सांगतो, फक्त मी म्हणेन, आपल्या भागात जोड्या घ्या.

आकड्यांचीही गंमत नव्हे, खरी अडचण निघाली. पट्टीवर मराठी आकडे, फोनच्या डायलवर इंग्रजी. दोन्ही वाचता येतात, पण एकाच स्क्रीनवर दोन्ही आले की मराठी एक आणि इंग्रजी नऊ यांत घोळ होतो. कुठलेही घ्या, पण एकच जात ठेवा. रंगांचंही तसंच. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या तीव्रतेत किमान ४.५ला १ एवढा फरक हवा असं डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीचं मानक सांगतं. ते मी गणितानं पाळलं होतं. तरीही ओट्यावरून उठून भर दुपारी उन्हात फोन धरला तेव्हा करडी अक्षरं दिसेनाशी झाली. हिशोबाच्या कामात करडं अक्षर मी आता वापरत नाही.

पोर्टफोलिओबद्दल थोडक्यात. प्रिंटचा पोर्टफोलिओ म्हणजे उत्तम छापून आलेल्या कामांची फाइल. यूएक्समध्ये मुलाखत घेणारे विचारतात, इथवर पोचलात कसे, काय टाकून दिलं, का? मी फाइलमध्ये कार्डांचे फोटो, खोडलेल्या चिठ्ठ्या, ‘झाकून कशाला ठिवलंय’ हे वाक्य, सगळं ठेवलं. काही ठिकाणी वय आणि गाव बघूनच बोलणं आटोपलं. एका छोट्या कंपनीला मराठी स्क्रीनसाठी माणूस हवा होता, त्यांना हेच हवं होतं. आता निम्मा दिवस त्यांचं काम घरून, निम्मा दिवस प्रेस. प्रेस सोडलेलं नाही आणि सोडायचंही नाही.

कारण त्या पट्टीनं मला परत कागदाशीच आणून सोडलं. मोंढ्यात जवळपास प्रत्येकानं शेवटी विचारलं, ‘कागद देणार ना?’ घरी दाखवायला, पेटीत ठेवायला, पुण्यातल्या मुलाला फोटो पाठवायला तो लागतो. म्हणून सध्या छोट्या थर्मल प्रिंटरवर तीच पट्टी उतरवते आहे. ५८ मिलिमीटरचा रोल, छपाई ४८ मिलिमीटर, २०३ डीपीआय, म्हणजे आडवे ३८४ ठिपके. स्वस्तातल्या प्रिंटरमध्ये देवनागरी अक्षरं नसतातच, त्यामुळे पट्टी चित्र म्हणून पाठवावी लागते, आणि बारीक वळणाच्या फॉन्टची शिरोरेषा तुटते. जाड वजनाचा ‘मुक्त’ टिकतो. उरला आहे तो ऐकवण्याचा भाग. ज्या मावशींना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पट्टी बोलून दाखवायची आहे. फोनला नुसतं ‘१२.४५ क्विंटल’ दिलं तर तो ‘बारा पूर्णांक चार पाच’ म्हणतो. मोंढ्यात कुणी असं बोलत नाही, तिथं ‘बारा क्विंटल पंचेचाळीस किलो’. म्हणजे ऐकवायचा मजकूर वेगळाच लिहावा लागणार, आणि तो बरोबर आहे का हे दसऱ्यानंतर सोयाबीन आलं की त्यांच्याच शेजारी बसून बघायचं आहे.